चालकांची ताटं

त्या सकाळी झालं ते एवढंच, की नागोरावांनी ताट बदलून मागितलं. आता यात काय मोठंसं? माणसं ताट बदलून मागतात. कड लागते, नीट घासलेलं नसतं, नाहीतर नुसती लहर. पण जया ओट्याला टेकून उभ्या उभ्या चहा पीत होती आणि तिची नजर नेमकी त्या क्षणी बाबांच्या चेहऱ्यावर होती. सकाळीच भाकरी खायची नागोरावांची सवय ट्रक चालवायच्या दिवसांपासूनची, सत्तरी उलटली तरी सुटलेली नव्हती. भांडीवालीनं दांडी मारली होती, म्हणून जयाच्या लेकीनं, पायलनं, कपाटात हाताला लागलं ते ताट काढून आजोबांपुढं ठेवलं. जयाच्या आईनं, मालनबाईंनी, त्यात ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी वाढली. नागोरावांनी भाकरीचा तुकडा मोडला, आणि ताटाच्या कडेवर त्यांचा अंगठा कशाला तरी अडखळला. त्यांनी ताट जरासं फिरवलं, चष्मा वर सरकवला आणि वाचलं. भांड्यांच्या दुकानात यंत्रानं टिंब टिंब काढून नावं घालतात, तसल्या अक्षरांत तिथं 'चालक' असं लिहिलेलं होतं. त्यांनी मोडलेला तुकडा परत भाकरीवर ठेवून दिला.

"मालन, दुसरं ताट दे."

"अहो, कोरं करकरीत आहे. काय झालं त्याला?" मालनबाई म्हणाल्या.

"दे म्हटलं ना."

"आजोबा, मी धुतलंय ते, प्रॉमिस!" पायल म्हणाली. "आईच्या ऑफिसचं सॅम्पल आहे. त्यात काय इश्यू आहे?"

"तुझं काही नाही गं, बाळा," असं म्हणून त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मालनबाईंनी पुढं केलेल्या पातेल्यावरच्या झाकणात भाकरी घेऊन खाल्ली. सगळी खाल्ली. वर ताकही प्यायले. जयानं पर्स उचलता उचलता आठवण केली, "बाबा, दुपारी ज्ञानदेवला गाडी घेऊन पाठवते हं. दोघंही तयार राहा." नागोराव हात धूत होते. पाठमोरेच म्हणाले, "बघू." नागोरावांच्या तोंडचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे त्या घरात पायल बोलायला लागली तेव्हापासून तिलाही ठाऊक होतं.

आणि म्हणून विश्रांतवाडीतून गाडी निघाली तेव्हा जयाचं चित्त ठिकाणावर नव्हतं. एरवी ती गाडी चालवणाऱ्या ज्ञानदेवशी बोलत असे. मांजरीकडचा माणूस, बोलका, उसाच्या फडावरून राजकारणावर आणि तिथून आपल्या मेव्हण्यावर सहज यायचा. आज त्यानं आरशातून एकदा मॅडमच्या तोंडाकडं बघितलं आणि शहाण्यासारखा गप्प बसला. धानोरी मागं पडली, विमानतळाची लांबलचक भिंत सुरू झाली, वरून एक लढाऊ विमान कानठळ्या बसवत गेलं. जया खिडकीबाहेर बघत होती आणि तिला काही दिसत नव्हतं. आज नगर रस्त्यावर, वाघोलीच्या पुढं, तिच्या कंपनीचा चौथा थांबा, प्रवाशांच्या खाण्या-विसाव्याचा, सुरू होणार होता. सोलापूर रस्त्यावर एक, सातारा रस्त्यावर एक, नाशिक रस्त्यावर एक, आणि आता हा. या सगळ्या वर्षांत बाबांनी तिच्या एकाही थांब्यावर पाऊल टाकलं नव्हतं, घास खाणं दूरच. कधी गुडघा, कधी आईची शुगर, कधी 'मला बाहेरचं सोसत नाही गं'. लोक लांबून लांबून यायचे, वर्तमानपत्रात फोटो यायचे, पायलच्या कॉलेजातली पोरं गाड्या थांबवून वडापाव खायची, आणि ज्या माणसाच्या मागं बसून ती रस्ता बघायला शिकली तो माणूस घरी बसून विचारायचा, 'काय मग, चाललंय का तुझं हॉटेल?' या खेपेला महिनाभर विनवण्या केल्यावर त्यांनी एकदाचा होकार दिला होता. चालकांच्या नव्या हॉलमधलं पहिलं ताट नागोरावांचं, असं ठरलं होतं. सगळ्यांना सांगून झालं होतं. आणि आज सकाळी ते 'बघू' म्हणाले.

हॉटेल म्हटलं की तिला राग यायचा, तोही लटकाच. "हॉटेल नाही हो बाबा, सर्व्हिस एरिया," असं ती सांगायची. कंपनीचं नाव तिनं 'घटकाभर' ठेवलं तेव्हा नोंदणी करून देणाऱ्या सीएनं तोंड वाकडं केलं होतं, म्हणाला, मॅडम, जरा इंटरनॅशनल वाटेल असं काही बघू या का? तिनं ऐकलं नाही. त्याआधी ती कल्याणीनगरात एका सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रशासनात होती. एसी, कँटीन, बसेस, गळ्यात पट्टे अडकवलेल्या पोरांच्या तक्रारी, सगळं ती बघायची. पगार चांगला होता. नवरा त्याच धंद्यातला, आजही कंपनीच्या कामावर अमेरिकेत ऑनसाइट होता. मग एक्स्प्रेसवे झाला, बँका बोलावून बोलावून कर्ज द्यायला लागल्या, आणि बघता बघता पुण्यात ज्याच्या त्याच्या दारात चारचाकी उभी राहिली. शनिवार आला की सगळं शहर बाहेर. जयाच्या मनात एकच विचार घोळायचा, एवढी माणसं निघाली आहेत, यातल्या बायका जाणार कुठं? चहा, वडा, मिसळ रस्त्यावर पावलोपावली होती. दाराला कडी असलेला, पाणी असलेला, नाकाला पदर न लावता जाता येईल असा संडास मैलोन्मैल नव्हता. म्हणून तिनं पहिल्या थांब्याचा नकाशा काढून घेतला तो संडासापासून. जागामालक खो खो हसला होता. "बाई, लोक हॉटेल काढतात, तुम्ही शौचालय काढताय?" हसला तर हसला. पहिल्याच दिवाळीत बायकांच्या रांगा बघून तोच मिशीला पीळ देत लोकांना सांगत फिरला, की आपल्याला आधीच माहीत होतं.

हे तिला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नव्हतं. नागोराव पुण्यातल्या एका ट्रान्स्पोर्टवाल्याकडं ट्रकवर होते. मूळचे यवतमाळकडचे. छप्पन साली विशीत असताना गावच्या लोकांबरोबर नागपूरला चालत गेलेले, दीक्षा घेऊन आलेले. पुढं पुण्यात स्थिरावल्यावर दर वर्षी दसऱ्याच्या सुमाराला ते नेमका नागपूरचा माल पकडायचे आणि बायकोला नि लेकीला केबिनमध्ये घेऊन जायचे. केबिनमध्ये बाबासाहेबांचा फोटो, त्याला झेंडूची माळ, काचेवर निळा झेंडा. त्या प्रवासासारखं सुख जयाला पुढं विमानातही मिळालं नाही. इंजिनाच्या झाकणावर गोधडी घालून ती निजायची, खालून ऊब यायची, बाबा गुणगुणायचे. फक्त एक गोष्ट वाईट होती. शेतं कापलेली असली की आडोसा नसायचा. आई ट्रकच्या मागच्या चाकापाशी लुगड्याचा पदर ताणून उभी राहायची, जया आत बसायची, आणि बाबा स्टीअरिंगवर बसून रस्त्यावर नजर ठेवायचे. कुणी येताना दिसलं की हॉर्न. आईच्या वेळी पदर धरायचं काम जयाचं, आणि तिचे हात पुरायचे नाहीत. आई रागावायची नाही, नुसती म्हणायची, "धर गं माय नीट, धर." एवढी धीट बाई, पण तेवढ्यापुरतं तिचं तोंड एवढंसं व्हायचं.

जेवायला मात्र ते कधी कुठं आत गेले नाहीत. झाड बघायचं, सावली बघायची, डबा सोडायचा. चहाला तेवढं थांबायचे, तेही बाहेरच, ट्रकला टेकून. आणि नागोरावांचा स्वतःचा ग्लास असायचा. पितळी, जाड बुडाचा, कल्हई केलेला, मालनबाईंच्या लग्नातला. त्यावर नाव घातलेलं होतं 'नागोराव'. चहावाल्यानं काहीही पुढं केलं तरी ते आपला ग्लास पुढं करायचे. काय रुबाब होता त्यात! आपले बाबा कुणाच्याही उष्ट्या कपातून चहा पीत नाहीत, नाव घातलेल्या ग्लासातून पितात, हे जयानं शाळेत मैत्रिणींना किती वेळा ऐकवलं असेल. मोठी झाल्यावरही ती तो ग्लास विसरली नव्हती. एका मासिकाच्या मुलाखतीत तिनं तो सांगितला होता. आणि या नव्या थांब्याचं काम चालू असताना तिनं तो दत्तप्रसादलाही सांगितला होता.

दत्तप्रसाद म्हणजे तिचा व्यवस्थापक. सदाशिव पेठेत वाढलेला, कामाला वाघ, आणि शब्द असे मोजून टाकणारा, की जणू प्रत्येक शब्दाला कर पडतो. आधीच्या थांब्यांवर चालकांना मुदपाकखान्यामागं कोपरा दिला होता. हायवेच्या धंद्यात रीतच आहे, बस घेऊन येणारा ड्रायव्हर फुकट जेवतो. जयाला तो कोपरा खुपायचा. नव्या ठिकाणी चालकांसाठी चांगला मोठा हॉल करायचा, तिनं ठरवलं. पंखे, खाटा, आंघोळीला गरम पाणी, कपडे वाळत घालायला दोऱ्या, दाढीला आरसा. ती हे सांगत होती तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं एकच माणूस होता, झाडाखाली डबा सोडणारा. दत्तप्रसाद ऐकून घेत म्हणाला, "उत्तम. वेगळा हॉल हवाच. कुटुंब घेऊन आलेल्यांना शेजारी बनियनवरचा माणूस चालत नाही. याचं त्यालाही बरं, त्याचं यालाही बरं." मग म्हणाला, ताटं वेगळी करा, नाहीतर ट्रकमधून नगरला जातील. काहीतरी खूण घाला. तेव्हा जयाला तो ग्लास आठवला आणि तिचं मन भरून आलं. "खूण कशाला, नाव घाला," ती म्हणाली, "चालक म्हणून. त्यांचं स्वतःचं ताट आहे असं वाटू दे त्यांना." सॅम्पल आलं तेव्हा तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं होतं. बाबा तिला नेहमी चिडवायचे, तिच्या कार्डावरचं 'संचालक' वाचून म्हणायचे, "मी चालक, तू संचालक. एवढं शिकलीस आणि एकच अक्षर वाढवलंस होय गं?" ते ताट त्यांना दाखवायचं, ते खूश होतील, असंच तिच्या मनात होतं. दाखवायचं राहून गेलं एवढंच.

वाघोलीला गाडी अडकली. पुढं मुरमाचे डंपर, बाजूला कॉलेजांच्या बसेस, मधेच कुणाचीतरी वरात. ज्ञानदेवनं इंजिन बंद केलं. "आता हितं जेवण करूनच निघायचं, मॅडम," तो म्हणाला. ती हसली नाही. समोर एका टपरीवर चहावाला किटली उंच धरून प्याल्यांत चहा ओतत होता. ती नुसतीच बघत राहिली, आणि का कोण जाणे, तिला एक पत्र्याची शेड दिसायला लागली. आठेक वर्षांची असेल तेव्हा ती. दिवाळीच्या आधीची थंडी. ट्रक थांबवून बाबा उतरले, ती त्यांच्या कडेला. ही गोष्ट तिच्या चांगली पाठ होती, हजारदा सांगितलेली. चहावाल्यानं कप पुढं केला, बाबांनी तो हातात घेतला, चहा मातीत ओतून दिला आणि मोठ्यांदा हसून आपला ग्लास पुढं केला. 'यात ओत, राजा. तुझ्या कपात माझं भागत नाही.' इतकीच ती गोष्ट. पण आज ती इतक्यावर थांबेना. आज तिला शेडचा वासा दिसला. वाशाला खिळे, खिळ्यांना कप. पांढरे, निळ्या काठाचे, आत बाकावर बसलेल्या माणसांच्या हातात होते तसलेच. आणि एक कप त्या रांगेत नव्हता. तो बाहेरच्या मेढीला, वेगळ्या खिळ्याला अडकवलेला. त्याच्या दांडीपाशी लाल रंगाचा ठिपका होता. चहावाल्यानं आधी ट्रकच्या काचेकडं बघितलं होतं, निळ्या झेंड्याकडं, आणि मग हात लांब करून तोच कप काढला होता. तिनं बाबांना विचारलंही होतं, त्यावर लाल काय लागलंय हो? बाबा तेव्हाच हसले होते.

जयानं सीटची कड घट्ट धरली. अरे देवा, असं तिच्या तोंडून निघालं, देव मानत नसलेल्या घरात वाढूनही निघालं. म्हणजे तो ग्लास रुबाबाचा नव्हताच. आणि आपण काय केलं? आपण पैसे देऊन, हौसेनं, रविवार पेठेतल्या नावं घालणाऱ्या माणसाला बसवून शेकडो ताटांवर लाल ठिपका काढून घेतला. नुसता ठिपका नाही, सुवाच्य मराठीत. ती स्वतःशीच वाद घालायला लागली. जात वेगळी, काम वेगळं, हे काय एक आहे? आपण प्रेमानं केलं. हॉल चांगला आहे, कुटुंबांच्या मोठ्या हॉलपेक्षा जास्त खेळती हवा आहे तिथं. आणि लगेच दत्तप्रसादचं बोलणं आठवलं, शेजारी बनियनवरचा माणूस चालत नाही. तेव्हा आपण मान हलवली होती. तिचं प्रेम आणि दत्तप्रसादचा व्यवहार, दोघांनी मिळून एकच भिंत बांधली होती, आणि त्यात कुणाची वीट कुठली ते आता तिलाही सांगता येत नव्हतं. तिनं दत्तप्रसादला फोन लावला.

"ताटांवरची नावं काढता येतात का हो?"

"येतात. पॉलिश मारून. सगळी ताटं परत रविवार पेठेत न्यावी लागतील आणि चालकांना आज हातावर जेवावं लागेल." जरा थांबून त्यानं विचारलं, "शुद्धलेखन चुकलंय का?"

"नाही. बरोबर आहे."

"मग मी मांडून ठेवतो," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

थांब्यावर पोचताच तिनं ज्ञानदेवला आल्या पावली परत धाडलं. "आई-बाबांना घेऊन या." "आन् नाही म्हणले तर?" "तर... नुसते जाऊन उभे राहा." तो गेला. त्यानंतरचा वेळ तिनं कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. आपलं घर असल्यासारखी ती सगळीकडं फिरत राहिली. बायकांच्या बाजूला जाऊन कड्या लावून बघितल्या, नळ सोडून बघितले, आरशात स्वतःला बघून केस सारखे केले. पहिल्या गाड्या यायला लागल्या होत्या. एक म्हातारी संडासातून बाहेर येऊन सुनेला सांगत होती, "अगं, साबणसुद्धा आहे!" एरवी एवढ्यावर जयाचा दिवस सोन्याचा झाला असता. चालकांच्या हॉलमध्ये तुळजाबाईंनी पंगतीसारखी बाकं लावून ताटं मांडली होती. तुळजाबाई जवळच्याच खेड्यातल्या, इथल्या स्वयंपाकाच्या मुख्य, हाताला चव आणि आवाजाला धार. जया एकटीच आत गेली आणि कुणी बघत नाहीसं बघून ताटं फिरवायला लागली, नाव भिंतीकडं जाईल असं. दोन-चार फिरवल्यावर तिच्या ध्यानात आलं, की बसणारा माणूस भिंतीलाच पाठ लावून बसणार. तिला स्वतःचंच हसू आलं, आणि हसता हसता रडू. मोबाईल काढून घरचा नंबर लावला आणि वाजायच्या आत कापला. काय सांगणार होती? की बाबा, येऊ नका?

पण गाडी आली. आधी मालनबाई उतरल्या, ठेवणीतलं इरकल नेसून. लेकीपाशी येऊन हळूच म्हणाल्या, "जेवणाच्या वेळेपर्यंत पेपर धरून बसले होते. गाडी दारात बघितली आणि म्हणाले, चल मालन, पोरगी वाट बघत असेल." मागून नागोराव. पांढरा इस्त्रीचा सदरा, पायात नव्या चपला. उतरल्या उतरल्या त्यांनी इमारतीकडं बघितलंच नाही, ट्रकतळाकडं बघितलं. चालत एका टोकाला गेले, परत आले. "उतार चांगला काढलाय गं," ते म्हणाले. "रिव्हर्स न घेता गाडी बाहेर पडते. हे कुणाचं डोकं?" "माझं," जया म्हणाली, आणि आठ वर्षांच्या पोरीसारखी खुलली. मालनबाई मात्र सरळ बायकांच्या बाजूला गेल्या. बऱ्याच वेळानं पदराला हात पुसत बाहेर आल्या, लेकीच्या गालावरून हात फिरवून त्यांनी बोटं आपल्या कानशिलावर मोडली. मग दत्तप्रसाद पुढं आला. "या नागोरावसाहेब. आपलीच वाट बघत होतो." त्यानं मोठ्या हॉलमध्ये खिडकीपाशी टेबल राखून ठेवलं होतं, पांढरा कपडा, काचेची ताटं. जयानंच ऐनवेळी सांगितलं होतं तसं. नागोराव खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"ज्ञानदेव कुठं जेवणार?" त्यांनी विचारलं.

ज्ञानदेव दाराशीच होता, बाजूच्या हॉलकडं निघालेला. जयानं हाक मारली, इतक्या मोठ्यानं, की दोन टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. "ज्ञानदेव, इकडे या. आमच्याबरोबर बसा."

"नको मॅडम," तो संकोचून म्हणाला. "मला तिकडंच बरं पडतंय. तिकडं पाय वर घेऊन जेवता येतं. दोस्तमंडळी हायेत. हितं घास मोजून खाल्ल्यावानी होतंय."

नागोराव मनापासून हसले. "बघ, त्याचं त्यानं ठरवलं तर ती त्याची बैठक. आणि दुसऱ्यानं ठरवलं, की मग..." दत्तप्रसाद टेबलाचा कपडा सारखा करायला लागला, तो सारखाच होता. "चल ज्ञानदेव," नागोराव म्हणाले, "मीही येतो. मी काय साहेब आहे?"

दोन्ही हॉलांच्या मधल्या बोळात जयानं बाबांचा दंड धरला. आई आणि ज्ञानदेव पुढं गेले होते. "बाबा, मला आज तो कप आठवला. लाल ठिपक्याचा. इतकी वर्षं मी सगळ्यांना नुसता ग्लास सांगत आले हो. मुलाखतीत सांगितला. आणि त्याच्यावरूनच ही ताटं..."

नागोरावांनी तिच्याकडं बघितलं. रागावलेले नव्हते, सकाळीही नव्हते, हे तिला आत्ता कळलं. "तू लहान होतीस," ते म्हणाले. "तुझ्या ध्यानात ग्लासच राहावा म्हणून तर मी हसलो. नाहीतर मला काय हसू येत होतं होय गं तेव्हा?" आणि तिचा हात आपल्या दंडावर तसाच राहू देत ते आत शिरले.

हॉल भरला होता. घामाचा, डिझेलचा, फोडणीचा वास. कुणी बनियनवर, कुणी ओल्या केसांचा, सगळे बोलत होते. नागोराव ज्ञानदेवशेजारी बसले. समोरचं ताट त्यांनी उचललं, नाव वाचलं, मग मान वळवून उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं. सगळ्यांपुढं तेच होतं. त्यांनी ताट खाली ठेवलं, भाकरी घेतली, आमटीत कुस्करली आणि जेवायला लागले. पलीकडच्या ट्रकवाल्यानं विचारलं, "काका, कुठल्या रोडला?" "सगळ्याच," नागोराव म्हणाले, "आता रिटायर." मालनबाई एका खाटेच्या कडेला ऐसपैस बसून वारा घेत होत्या, शुगर असल्यामुळं त्या घरूनच वेळेवर जेवून आल्या होत्या. बाबा जेवत आहेत. आपल्या जागेत, आपल्या चुलीवरचं जेवत आहेत. जयाला एकदम कडकडून भूक लागली, सकाळपासून चहावरच होती ती. बाकावर बाबांच्या पलीकडं थोडी जागा होती, तिथं ती जाऊन बसली. तुळजाबाई भाकऱ्यांची परडी घेऊन वाढत वाढत आल्या, तिच्यापाशी थांबल्या आणि अडून राहिल्या.

"म्याडम, तुमची ताटं पल्याड हायेत, काचंची," त्या म्हणाल्या. "हितं फकस्त डायवर लोकांची. दत्तप्रसादसायबांनी बजावून सांगितलंय, हितली कुणाला द्यायची न्हाईत."

त्यांच्या आवाजात वावगं काही नव्हतं. नेमून दिलेलं काम चोख करणारी बाई होती ती. पण आसपासचे ड्रायव्हर जेवायचे थांबून बघायला लागले, आणि जयाला हात कुठं ठेवावेत ते कळेना. तोंड एवढंसं झालं. स्वतःच्या कंपनीत, स्वतःच्या भिंतींच्या आत, उठावं की बसून राहावं एवढंही तिला ठरवता येईना. तिनं मान वर करून बाबांकडं बघितलं. या खेपेला नागोराव हसले नाहीत. घास घेतलेला हात त्यांनी ताटात परत ठेवला, ज्ञानदेवला कोपरानं पलीकडं सरकवून लेकीला नीट बसायला जागा केली आणि तुळजाबाईंना म्हणाले,

"बाई, ड्रायव्हरची लेक आहे ती. वाढा तिला."